ऑक्टोबरचा घाणा

मागच्या महिन्यात एका सकाळी नळ सोडला आणि हात झटकन मागे घ्यावा लागला नाही. इकडे सीझन बदलला तो असा कळतो. झाडाला पालवी नाही, आकाशात ढग नाही. पाच महिने गच्चीवरच्या टाकीत तापलेलं पाणी गार नळातून येतं, तोंड धुतलं तर चटका बसतो. मग ऑक्टोबर संपता संपता एक दिवस ते नुसतं कोमट येतं. लोक खूश होतात. आमच्या इथं शारजाला, अल मजाजमध्ये खाडीच्या कडेनं बायका-पोरं फिरायला निघतात, बंद बाल्कन्या उघडतात. मी नळ बंद केला आणि बाथरूममध्ये स्टुलावर बसून राहिलो. सूनबाईनं बाहेरून विचारलं, "बाबा, ठीक आहात ना?"

"ठीक आहे. पाणी गार झालंय," म्हटलं.

माझी बायको शालन मे महिन्यात गेली. त्याच्या आदल्या ऑक्टोबरात तिला थंडी वाजत होती. बाहेर अडतीस डिग्री आणि हिला थंडी. ते तिनं मला सांगितलं होतं आणि मी त्यावरून तिला नको ते बोललो होतो. हे कुणाला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं, ती गेली. राहिलो मी. माझी शाळा सातवीत सुटली, लिहायची सवय नाही. जसं बोलतो तसं लिहितोय.

मी वेल्डर. अल क्वोजच्या एका वर्कशॉपमध्ये हॉटेलांची स्टीलची टेबलं, धुराडी, टाक्या बनवण्यात बत्तीस वर्षं घातली. शेवटची सात-आठ वर्षं फोरमन होतो. तिथं एकदा एक गोरं गिऱ्हाईक आलं, स्कॉटलंडचं. त्याला मायकल म्हणू या. खरं नाव लिहीत नाही, कारण घरात बिअर बनवायची इथं परवानगी नाही आणि त्याला अजून नोकरी आहे. त्याला साठ लिटरचं पातेलं हवं होतं, खाली तोटी, आतून जोड दिसता कामा नये. मी विचारलं, "बिर्याणी का?" तो हसला. म्हणाला, "बिअर." पातेलं न्यायला आला तेव्हा त्यानं मला एक बाटली दिली. मी आयुष्यभर पीत आलो होतो, महिन्याला दोन-चार. पण त्या बाटलीत जव लागत होता. भाजलेल्या जवाचा, भाकरीच्या करपल्या कडेसारखा वास. मी म्हटलं, मला शिकव.

तेव्हा आम्ही उम्म अल कुवैनला राहत होतो, जुनं बैठं घर, मागे एक खोली. भाडं कमी, शेजार शांत, समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर. मागच्या खोलीला एसी बसवला आणि तिथं सुरू झालं. मोड आणून भाजलेले जव भरडायचे, गरम पाण्यात तास-दीड तास मुरवायचे, तो गोड काढा गाळून उकळायचा, त्यात हॉप्स म्हणून कडू वाळकी फुलं येतात ती टाकायची, गार करायचं आणि आंबायला यीस्ट सोडायचं. मग पंधरा दिवस वाट बघायची, की एक घाणा तयार. सांगायला एवढंच. शालन त्याला माझी हातभट्टी म्हणायची. फोनवर बहिणीला सांगायची, "आमच्यात हातभट्टी लागलीय बघ. म्हातारपणी धंदा काढलाय ह्यांनी."

तिनं कधी घोटभर बिअर प्यायली नाही. पण नाक तिचं. तिच्या वडिलांचं कराडला मिरची-मसाल्याचं कांडप होतं. लहानपणापासून ती पोत्यांत वाढलेली. धने जास्त भाजले, खोबरं जुनं आहे, मिरची ओली असताना कुटली, हे ती दारातून आत न येता सांगायची. माझ्या पहिल्या घाण्याला ती खोलीत आली, नाक वर केलं आणि म्हणाली, "कोबी शिजतोय का?"

"कोबी कुठला इथं?"

"मग झाकण काढा. कोबीचा वास मारतोय."

गॅस वाचावा म्हणून मी उकळताना झाकण ठेवलं होतं. काढलं नाही. बायकांना काय कळतं, असं मनात म्हटलं. मनात काय, तोंडावरच म्हटलं.

मायकलच्या ओळखीतले पंधरा-वीस जण वर्षातून एकदा जानेवारीच्या शेवटी त्याच्या अंगणात जमायचे. सगळे घरी बिअर लावणारे. बाटल्यांवर नाव नाही, झाकणावर फक्त नंबर. तिघं चाखणारे, पन्नासपैकी मार्क आणि प्रत्येक बाटलीला एक कागद. कागदावर काय चुकलं ते लिहितात. पहिल्या वर्षी मला एकोणीस पडले. कागद इंग्रजीत. घरी आल्यावर फोटो काढून मुलाला पाठवला. निखिल इथंच जन्मला, इथंच शिकला, शारजात नोकरी करतो. त्यानं फोन केला. हसत होता. "बाबा, लिहिलंय, कुक्ड कॅबेज. शिजलेला कोबी."

फोन स्पीकरवर होता. शालन भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. म्हणाली, "आता गोऱ्यानं सांगितलं, आता पटेल."

तेव्हापासून तिनं वही घातली. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. अक्षर तिचं, कारण माझं मलाच लागत नाही. किती किलो जव, पाणी किती गरम, फुलं कधी टाकली, खोली किती अंशांत होती. चमच्याचं माप पण चमचा कुठला ते लिहिलेलं, "चहाचा, वाकडा". मायकलनं एक नियम घालून दिला होता. घाणा सुधारायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशानं सुधारला नि कशानं बिघडला ते कळत नाही. शालनला हा नियम फार आवडला. आमटीला लावायची. "आज फक्त गूळ कमी केलाय, सांगा."

दुसऱ्या वर्षी केळ्याचा वास आला, खोली गरम राहिली होती. एसीचं तापमान उतरवलं. तिसऱ्या वर्षी पाणी बदललं. चौथ्या वर्षी शालन म्हणाली, धने घालून बघा. मायकल म्हणाला, बेल्जममध्ये घालतात. ती म्हणाली, घालत असतील, पण भाजतात का? तिनं लोखंडी तव्यावर धने अगदी मंद भाजले, रंग बदलायच्या आत उतरवले, खलबत्त्यात दोन भाग होतील एवढेच ठेचले, आणि उकळी बंद झाल्यावर टाकायला लावले. त्या वर्षी बत्तीस मार्क पडले. मायकलनं अंगणात सगळ्यांसमोर तिला हात जोडून नमस्कार केला. ती लाजली आणि मराठीत म्हणाली, "ह्यांनी कधी केला नाही हो असा." मायकलला कळलं नाही. मला कळलं. मी हसलो.

तिची चाखायची पद्धत सांगतो. पेला नाकाशी धरायची, डोळे मिटायची. जिभेचं टोक बुडवायची, बेसिनमध्ये थुंकायची, चूळ भरायची. चतुर्थी असली तर नुसता वास. मग एक शब्द बोलायची. ओली माती. जुना पैसा. उसाची काकवी. त्या एका शब्दावर पुढचा घाणा ठरायचा.

आता ऑक्टोबर.

इकडे राहणाऱ्यांना सांगायला नको, पण गावाकडच्यांसाठी सांगतो. उन्हाळ्यात आम्ही गीझर बंद करून ठेवतो. गच्चीवरच्या टाकीचं पाणी भाजतं, पण गीझर घराच्या आत एसीत टांगलेला असतो, त्यात साठलेलं पाणी गार राहतं. म्हणून मे ते ऑक्टोबर सगळं उलटं. लाल खुणेचा नळ गार, निळा नळ गरम. नवीन आलेला माणूस एकदा भाजून घेतो आणि शिकतो. तीस वर्षांनी हात आपोआप लाल नळाकडे जातो.

मायकलनं त्या वर्षी सुट्टीवरून येताना एक यीस्ट आणलं होतं, त्याच्या गावच्या कुठल्या म्हाताऱ्याकडचं. मी ते आठ दिवस काचेच्या बरणीत वाढवलं. रोज गोड पाणी पाजायचं, रोज हलवायचं. बरणीत साय धरल्यासारखा थर आला होता. दिवसातून तीनदा थर्मामीटर लावायचो आणि आकडा ओरडून सांगायचो, शालन वहीत लिहायची. त्या शनिवारी सकाळी पातेलं उकळत होतं आणि बरणी जरा तापल्यासारखी वाटली. मी ती बाथरूममध्ये रिकाम्या बादलीत ठेवली, लाल नळ बारीक सोडला आणि पातेल्याकडे आलो. अर्ध्या तासानं गेलो. बादलीतून वाफ येत होती. बरणीतली साय फाटून खाली बसली होती, यीस्ट मेलं होतं.

"गीझर कोणी चालू केला?"

शालन खोलीतून आली. ओले केस, अंगावर साडीवरून चादर घेतलेली. म्हणाली, "मी. आंघोळीला जरा गरम हवं होतं."

"ऑक्टोबरात? बाहेर आग पडलीय आणि तुला गरम पाणी? डोकं फिरलंय का?"

"अहो, अंगात थंडी भरल्यासारखं झालंय. दोन-चार दिवस होतंय."

मी म्हटलं, "एक दिवस गार पाण्यानं आंघोळ केली असतीस तर मेली नसतीस."

हे वाक्य मी बोललो. शब्द न शब्द हाच. काही जण म्हणतील, रागाच्या भरात माणूस बोलतो. बोलतो. पण ती चादर मला दिसली होती. चादर दिसली आणि मी बरणीकडे बघितलं.

तिनं वाद घातला नाही. एरवी घालायची, दोनाला चार द्यायची. त्या दिवशी "चुकलं" म्हणाली, जाऊन गीझरचं बटण बंद केलं. ते बटण नंतर लागलंच नाही. नोव्हेंबर गेला, डिसेंबर आला, वारं सुटलं, सगळ्यांच्या घरी गीझर सुरू झाले. आमच्याकडे ती स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी तापवायची आणि दोन्ही हातांनी धरून बाथरूममध्ये न्यायची. मी बघत होतो. मी काय विचार केला सांगू? बरं झालं, लाल नळ गार राहिला, बरण्यांना सोयीचं पडतंय.

त्या तीन महिन्यांत मी तीन घाणे लावले. वहीत पानं भरलीत. खोली एकवीस. खोली वीस. फेस चांगला. फेस कमी. वहीत नसलेलं पण मला तेव्हाही दिसत असलेलं आता लिहितो. ती अर्धी भाकरी ताटात ठेवायची. जिना नसलेल्या घरात तिला दम लागायचा. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. हाताची नखं कागदासारखी पांढरी. एका वेळी एवढ्या गोष्टी बदलत होत्या आणि मी, वीस अंशांचे एकवीस झाले तर धावत जाणारा माणूस, तिच्या कपाळाला हात लावला नाही.

जानेवारीत मायकलकडे जमलो. छान दिवस, ऊन सोसवणारं, अंगणात खुर्च्या मांडलेल्या. ती शाल घेऊन उन्हात बसली. मायकल पेले घेऊन चालला होता, तो तिच्यापाशी थांबला, वाकला. "शालनजी, आर यू ओके? तबियत?" परक्या माणसानं विचारलं. ती म्हणाली, "एकदम फर्स्ट क्लास." मग तिनं आमच्या पेल्याचा वास घेतला. बराच वेळ डोळे मिटून बसली. मी विचारलं, "काय येतंय?" ती म्हणाली, "चांगली झालीय." एक शब्द सांगितला नाही. मला वाटलं, दोषच नाही तर काय सांगणार. आता वाटतं, तिला वास येतच नव्हता.

एक्केचाळीस मार्क. पहिला नंबर. टाळ्या, फोटो, कुणीतरी माझ्या गळ्यात हॉप्सच्या फुलांचा हार घातला. फोटोत मी दात काढून हसतोय आणि माझ्या मागे तिची अर्धी शाल आलीय.

परत येताना गाडीत ती म्हणाली, "झालं ना तुमचं? मग उद्या दवाखान्यात जाऊ या का?"

ती थांबली होती. माझं व्हायची वाट बघत.

रक्तात हिमोग्लोबिन पाच. डॉक्टरीण मल्याळी होती, तरुण. रिपोर्ट बघून म्हणाली, ये चल कैसे रही हैं? मग तपासण्या झाल्या, आतड्यात गाठ निघाली, लिव्हरपर्यंत गेलेली. त्याच्या आधी, पहिल्याच दिवशी, डॉक्टरणीनं तिला विचारलं होतं, "ठंड कब से लगती है, अम्मा?" निखिल शेजारी उभा होता. शालननं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. स्वयंपाकात मीठ जास्त पडलं तर पाहुण्यांसमोर बघायची तसं. आणि म्हणाली, "अभी अभी. पंद्रह दिन हुआ."

मी बोललो नाही. तीन महिने म्हणायला तोंड उघडायचं होतं फक्त. डॉक्टरणीनं पंधरा दिवस लिहून घेतलं.

मे महिन्यात गेली. जेबेल अलीच्या स्मशानात जाळलं. निखिल अस्थी घेऊन कराडला गेला, मी गेलो नाही, गुडघ्याचं निमित्त केलं. उम्म अल कुवैनचं घर सोडलं, पातेली मायकलच्या गॅरेजमध्ये ठेवली आणि मी शारजाला मुलाकडे आलो. भेटायला माणसं आली. सगळ्यांचं एकच. अचानक झालं हो. पंधरा दिवसांत काय कळणार? तुम्ही काय करणार होता? तुमचा काय दोष? एक एक माणूस माझा हात हातात घेऊन हे बोलायचा. निखिलही बोलायचा, "बाबा, इट वॉज नोबडीज फॉल्ट." मी मान हलवायचो. चहा घ्या म्हणायचो.

मग हा ऑक्टोबर आला, नळ गार झाला आणि मायकलचा फोन. जानेवारीसाठी नावं घेतोय. माझ्याकडे येऊन लाव, मी मदत करतो, शालनजींची धन्याची बिअर झालीच पाहिजे. निखिल म्हणाला, "करा ना बाबा. आईला आवडलं असतं. मी सोडतो तुम्हाला, यल्ला, चला." त्यानं गाडीतून नेऊन सोडलं.

मायकलनं पातेली घासून ठेवली होती. जव आणले होते. धने मी भाजले. एकदा भाजले, जास्त झाले की कमी ते कळेना. टाकून दिले, परत भाजले. मायकल म्हणाला, वहीत काय लिहिलंय बघ. मी वही उघडली. वर्षानुवर्षं ती लिहीत होती, मी कधी मागची पानं वाचली नव्हती, मला हवं ते ती वाचून दाखवायची. धन्याचं पान शोधताना गेल्या ऑक्टोबरचं पान लागलं. सकाळचा आकडा, दुपारचा आकडा, आठ दिवसांचे. आणि शनिवारच्या समोर तिच्या सरळ अक्षरात:

"यीस्ट गेलं. चूक माझी. गीझर."

एवढंच. खाली रेघ मारून पुढच्या घाण्याचं माप.

तव्यावरचे धने करपले. मायकलनं गॅस बंद केला. मला खुर्ची दिली. मी म्हटलं, मला घरी जायचंय. तो म्हणाला, बिअर? मी म्हटलं, खलास.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी जेवणं झाली, सूनबाई नातीला घेऊन खाली गेली. निखिल सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता. मी वही त्याच्यापुढे ठेवली, ते पान उघडून. त्यानं वाचलं. मराठी वाचायला त्याला वेळ लागतो, बोट फिरवत वाचतो.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. बरणी, बादली, चादर. मी बोललेलं वाक्य जसंच्या तसं. पातेल्यातलं पाणी. डॉक्टरणीपुढचे पंधरा दिवस.

त्यानं बोटांवर महिने मोजले. मग म्हणाला, "ऑक्टोबर टू जानेवारी. थ्री मंथ्स."

"हो."

"अँड यू न्यू."

"थंडी वाजते हे माहीत होतं. बाकीचं विचारलं नाही."

"मी रोज फोन करत होतो, बाबा. रोज. तुम्ही एकदा म्हणाला असता." त्यानं वही बाजूला सारली. "यू शाउटेड ॲट हर. फॉर बिअर?"

"हो."

"आणि डॉक्टरसमोर? तुम्ही तिथंच उभे होता ना?"

"होतो."

मला वाटलं होतं, तो म्हणेल जाऊ दे. किंवा म्हणेल, तीन महिन्यांनी तसा काय फरक पडला असता. मी स्वतः डॉक्टरणीला हे विचारलेलं नाही, विचारायची हिंमत नाही. तो तसलं काही बोलला नाही. लॅपटॉप मिटला, गाडीची किल्ली घेतली आणि गेला. संध्याकाळी दूध-ब्रेड घेऊन आला, पिशवी ओट्यावर ठेवली, माझ्याकडे न बघता आत गेला.

याला आता तीन आठवडे झाले. माझ्याशी कामापुरतं बोलतो. गोळी घेतली का. किल्ली कुठंय. परवा सूनबाई हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्याचा राग निवळेल, इन्शाल्ला."

मी तिला म्हटलं, "निवळायची घाई नको करू, बाई."

तिला ते कळलं नसावं. मायकलला नाव काढून टाकायला सांगितलं आहे. दिवसभर मी खिडकीशी असतो. रोज कुणी ना कुणी ओळखीचं भेटतं, लिफ्टमध्ये, खाली बाकड्यावर, आणि मान वाकडी करून म्हणतं, तुमचा काय दोष. मी ऐकून घेतो. मग आठ वाजता निखिल येतो, हातपाय धुतो आणि समोर जेवायला बसतो. बोलत नाही, वर बघत नाही. सगळं माहीत असलेला आणि तरी मला माफ न केलेला या जगात तो एकच माणूस आहे. दिवसभर अन्न जात नाही. त्याच्यासमोर बसलो की दोन घास जातात.